पंच म्हणून सही केली होती, आता समन्स आलंय

शाईचा_डाग (धागाकर्ता)

मंडळी, चार दिवस झाले, एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. जरा सविस्तर लिहितो.

२०१९ चा पावसाळा. रात्री दुकानाचं शटर ओढत होतो, तेवढ्यात दोन पोलीस आले. "पंच म्हणून दहा मिनिटं यायचंय." मागच्या गल्लीतल्या एका खोलीची झडती होती, चोरीच्या मोबाइलचा गुन्हा. मी आणि शेजारचे पिठाच्या गिरणीवाले असे दोघं गेलो. खाटेखालून निळी बॅग निघाली. ती आमच्यासमोर उघडली, मोबाइल खाटेवर ओळीनं मांडले. नऊ होते, मी स्वतः मोजले. इथवर सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

मग लाईट गेली, पाऊसही वाढला. साहेब म्हणाले, बाकीचं ठाण्यात करू. ठाण्यात पाऊण तास बाकावर बसलो. पंचनामा आतल्या खोलीत लिहिला गेला आणि पाकिटं सील होऊनच टेबलावर आली. लेबलांवर आणि पंचनाम्यावर आमच्या सह्या घेतल्या. अकरा वाजून गेले होते, घरून फोनवर फोन येत होते. मी न वाचता सही केली.

आता सहा वर्षांनी साक्षीचं समन्स आलंय. कोर्ट पैरवीच्या, म्हणजे ठाण्याचं कोर्टाचं काम बघणाऱ्या, हवालदारांनी फोनवर पंचनामा वाचून दाखवला. त्यात आहे, "सदरचे मोबाइल जागीच पंचांसमक्ष पाकिटात घालून लाखेने सीलबंद केले. पंचनामा जागीच लिहिला, तो आम्ही वाचून पाहिला, बरोबर व खरा आहे." खाली माझी सही.

बॅग आणि मोबाइल खरे आहेत. 'जागीच' हा शब्द खरा नाही. कोर्टात काय सांगू?

निवृत्त_अंमलदार

तेहतीस वर्षं नोकरी केली, त्यातली बरीच तपासी अंमलदार म्हणून. तुमच्यासमोर माल निघाला ना? तोच मुद्दा आहे. सील खोलीत झालं की ठाण्यात, त्यानं चोरी बदलत नाही. पंचनाम्यात आहे तसं सांगा आणि मोकळे व्हा. नाहीतर बचावाचा वकील त्या एका शब्दाला धरून अख्खा पंचनामा फाडेल, चोर सुटेल आणि ज्यांचे फोन गेले ते बसतील हात चोळत. धो धो पावसात, अंधारात लाख वितळवून दाखवा म्हणावं कुणीतरी.

काळा_कोट

काका, तुमच्याबद्दल आदर ठेवून सांगतो, हा सल्ला चुकीचा आहे. आणि धागाकर्त्यासाठी धोक्याचाही आहे.

साक्षीदार शपथेवर बोलतो. जाणूनबुजून खोटं सांगणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. जुन्या भारतीय दंड विधानाचं कलम १९३, आताच्या भारतीय न्याय संहितेचं २२९. "पंचनाम्यात तसं लिहिलंय" हा त्यावर बचाव होत नाही.

दुसरं, पंचनामा म्हणजेच पुरावा असा पुष्कळांचा समज असतो. तसं नाही. खरा पुरावा म्हणजे पंच कोर्टात उभा राहून जे सांगतो तो. पंचनामा त्याला दुजोरा द्यायला आणि आठवण ताजी करायला वापरतात. म्हणून साक्षीआधी तो वाचायला मागणं गैर नाही.

तुमचा खटला जुना आहे. १ जुलै २०२४ ला नवे कायदे लागू झाले, पण त्याआधीपासून चाललेले खटले जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसारच पुढे जातात, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३१ मध्ये तशी तरतूद आहे. म्हणजे तुमची झडती जुन्या कलम १०० आणि १६५ च्या मापानं मोजली जाईल.

तारखेच्या दिवशी तासभर लवकर जा. सरकारी वकिलांना भेटा आणि जसं इथे लिहिलंत तसंच त्यांना सांगा. त्यांना उलटतपासात पहिल्यांदा कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

तिसरी_खुर्ची

+१. आणि गिरणीवाले काय सांगणार आहेत?

शाईचा_डाग

ते २०२१ मध्ये गेले. आता पंच मी एकटाच.

निवृत्त_अंमलदार

वकीलसाहेब, खोटं बोला असं मला म्हणायचं नव्हतं. पण फितूर पंचांमुळे किती मेहनत वाया जाते ते मी पाहिलंय. रात्र रात्र जागून माल काढायचा आणि पंच कोर्टात म्हणतो, "सही माझी आहे, मजकूर माहीत नाही." एका वाक्यात काम तमाम.

काळा_कोट

काका, फितूर होणं वेगळं आणि खरं सांगणं वेगळं. "मला काहीच माहीत नाही" म्हणणारा पंच फितूर. "बॅग माझ्यासमोर उघडली, नऊ मोबाइल मी मोजले, सील मात्र ठाण्यात झालं" म्हणणारा पंच उलट जास्त विश्वासाचा ठरतो. कोर्टात रोज पोपटपंची ऐकणाऱ्या न्यायाधीशांना असा माणूस लगेच ओळखू येतो. आणि एक लक्षात घ्या, पंच पूर्ण उलटला तरी खटला आपोआप पडत नाही. तपासी अंमलदाराची साक्ष विश्वासार्ह असेल तर तेवढ्यावरही जप्ती शाबीत होऊ शकते.

या खटल्यात तर मोबाइल आहेत. प्रत्येकाला आयएमईआय नंबर, म्हणजे स्वतःचा वेगळा ओळख क्रमांक, असतो. तो पंचनाम्यात नीट उतरवला असेल आणि फिर्यादीच्या बिलाशी जुळत असेल, तर वस्तू तीच आहे हे सीलशिवायही ठरतं. सील जीव की प्राण असतं ते पावडर, दारू, रक्ताचे कपडे अशा मालाला. एक पुडी दुसऱ्या पुडीसारखीच दिसते, तिथे सील तुटलं की माल तोच आहे हे दाखवणारी साखळी तुटली.

पाटी_पेन्सिल

कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणून विचारते. झडतीच बेकायदा असेल तर सापडलेला माल पुराव्यातून बाद होत नाही का? अमेरिकेत १९६१ च्या मॅप खटल्यापासून तसंच आहे ना?

काळा_कोट

आपल्याकडे तसं नाही. पूरनमल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की पुरावा खटल्याशी संबंधित असेल तर केवळ झडती नियमबाह्य होती म्हणून तो फेकला जात नाही. तो प्राप्तिकराचा मामला होता, पण तत्त्व फौजदारीतही चालतं. झडतीतला दोष पुराव्याचं वजन कमी करतो, त्याला दारातूनच परत पाठवत नाही.

मोठा अपवाद अमली पदार्थांच्या कायद्याचा. १९८५ च्या त्या कायद्यातलं कलम ५० म्हणतं, अंगझडतीआधी त्या माणसाला सांगा की राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती घ्यायचा तुला हक्क आहे. १९९९ मध्ये बलदेव सिंग खटल्यात पाच न्यायमूर्तींनी ठरवलं की हे सांगितलं नाही आणि शिक्षा फक्त अंगावर सापडलेल्या मालावर उभी असेल तर ती टिकत नाही. २०१० मध्ये विजयसिंह जाडेजा खटल्यात आणखी स्पष्ट केलं, थोडंफार पालन चालणार नाही, काटेकोर हवं. मात्र हे अंगझडतीपुरतं. हातातल्या पिशवीच्या झडतीला कलम ५० लागत नाही.

निवृत्त_अंमलदार

ह्या कलम ५० नं माझी एक केस गेली. दोघांना एकाच कागदावर नोटीस दिली, खाली दोघांच्या सह्या. त्यातच "तुमची इच्छा असल्यास आम्हीही झडती घेऊ शकतो" असं वाक्य घातलं होतं. मला वाटलं, माहितीच देतोय. पुढे २०१४ मध्ये परमानंद खटल्यात नेमकं हेच सर्वोच्च न्यायालयानं चूक ठरवलं. प्रत्येकाला वेगळं सांगायला हवं, आणि तो तिसरा पर्याय कायद्यात नाहीच. माल खरा होता. माझ्या हातानं काढलेला होता. कागद चुकला.

काळा_कोट

काका, हे लिहिलंत ते फार मोलाचं आहे.

उंबरठा

बराच वेळ वाचतोय. लिहू की नको असं चाललं होतं.

मी पारधी समाजातला. आज प्राथमिक शाळेत शिक्षक आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला, तो १९५२ मध्ये रद्द झाला. कागदावर. माझ्या लहानपणी आजूबाजूला कुठेही चोरी झाली की पहाटे पालावर गाडी यायची. झडती म्हणजे काय हे मला शब्द कळायच्या आधी कळलं. ज्वारी, डाळ, तिखट सगळं एकाच ढिगात ओतलेलं. पातेली उपडी. आईचे चांदीचे वाळे एकदा नेले, "पावती दाखव आणि घेऊन जा" म्हणाले. आजीनं आईला दिलेल्या वाळ्यांची पावती कुठून आणायची? पंच कधी कुणी पाहिले नाहीत. यादी कधी कुणी दिली नाही. वाळे परत आले नाहीत.

डीएडला असताना वाचनालयात फौजदारी प्रक्रिया संहिता हाताशी आली. कलम १०० वाचून मी पुस्तक मिटून बसलो. त्यात लिहिलं होतं की त्या भागातले दोन किंवा जास्त स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी बोलवायचे. ज्याच्या घराची झडती आहे त्याला हजर राहू द्यायचं. घेतलेल्या प्रत्येक वस्तूची आणि ती कुठे सापडली त्याची यादी करायची, साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या, प्रत घरमालकाला द्यायची. आणि हे काही नवीन नव्हतं. आम्ही अंधारात उभे होतो तेव्हाही ते लिहिलेलंच होतं.

काही वर्षांनी भावाच्या घरी झडती आली. मी तिथेच होतो. मी हात जोडून एवढंच म्हणालो, "साहेब, झडती घ्या. मी इथेच उभा राहतो. पंच शेजारच्या गल्लीतून बोलवा, मी नावं सांगत नाही, तुम्हीच बोलवा. आणि यादीची प्रत द्या." फौजदार क्षणभर थांबले. मग त्यांनी खरंच पंच बोलावले आणि प्रत दिली. मोटारसायकल नेली, बाकी काही सापडलं नाही. त्या प्रतीवर गाडीचा इंजिन नंबर होता, तिच्याच जोरावर गाडी परत मिळाली.

निवृत्त काका, तुम्ही म्हणालात सील कुठे झालं त्यानं काय फरक पडतो. ज्याच्या घरी बॅग खरंच सापडली त्याला कदाचित पडत नसेल. पण 'जागीच' हा शब्द एकदा न बघता लिहायची सवय लागली की तो आमच्या पालावरही तसाच लिहिला जातो, जिथे काहीच सापडलेलं नसतं.

तिसरी_खुर्ची

सर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आज बाकी काही लिहित नाही.

निवृत्त_अंमलदार

गुरुजी, तुमचं बरोबर आहे. त्या काळात मी शिपाई होतो आणि अशा पहाटे पाहिल्यात. तेव्हा गप्प राहिलो.

धागाकर्त्याला मी पहिल्या प्रतिसादात जे सांगितलं ते मागे घेतो. वकीलसाहेब म्हणतात तसंच करा.

नवी_फौजदार

नमस्कार. नाशिकच्या पोलीस अकादमीतून बाहेर पडून फार दिवस झाले नाहीत. आमच्या बॅचला झडती शिकवली ती नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार, म्हणून आता काय बदललंय ते सांगते.

कलम १०५. जागेची झडती आणि वस्तूची जप्ती, यादी करणं आणि साक्षीदारांच्या सह्या धरून, सगळं ध्वनिचित्रमुद्रित करायचं. मोबाइल चालतो, कायद्यानेच तसं म्हटलंय. ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं. कलम १८५, म्हणजे जुनं १६५: वॉरंट आणायला गेलो तर माल हातचा जाईल असं वाटलं तर वॉरंटशिवाय झडती घेता येते, पण तसं का वाटलं ते केस डायरीत आधी लिहायचं. काय शोधतोय तेही शक्य तेवढं नेमकं. स्वतः जाता येत नसेल तर हाताखालच्या अंमलदाराला लेखी आदेश द्यायचा. या नोंदींच्या प्रती ४८ तासांच्या आत जवळच्या दंडाधिकाऱ्यांकडे जायला हव्यात. आधी इथे फक्त 'तात्काळ' होतं, तासांचा आकडा नव्याने आला. घरमालकानं अर्ज केला तर त्याला प्रत मोफत मिळते.

हे पाठ होतं. तरी पहिल्या झडतीत मी गोंधळले. मुद्रण चालू केलं, माल निघताना सगळं नीट आलं, पण सील करताना मी स्वतः मेणबत्ती धरायला वाकले आणि मोबाइल धरणारा शिपाई दारातल्या गर्दीकडे वळला. चित्रात माझी पाठ आणि भिंत. परत आल्यावर वरिष्ठांनी पूर्ण बघितलं आणि एवढंच म्हणाले, "आता हे साक्षीत जसं आहे तसं सांगायचं. पुन्हा सील केल्याचं नाटक करून मुद्रण करायचं नाही." मला ते फार पटलं. हल्ली मी सुरुवातीला तारीख, वेळ, जागा मोठ्यानं बोलते, पंचांचे चेहरे घेते, आमची स्वतःची झडती पंचांना देते तेही घेते, आणि सील होईपर्यंत मोबाइल एकाच माणसाच्या हातात, त्याला दुसरं काम नाही.

पाटी_पेन्सिल

पोलिसांची झडती पंच घेतात?

नवी_फौजदार

हो. आत जाताना आमच्याकडे काही नव्हतं हे त्यांना कळायला हवं. नाहीतर "माल पोलिसांनीच ठेवला" या आरोपाला उत्तर काय देणार?

स्कूटरवाली

थोडं विषयांतर, पण जप्तीबद्दलच आहे. माझी स्कूटर अपघाताच्या गुन्ह्यात जप्त झाली. चूक समोरच्याची होती तरी पुरावा म्हणून दोन्ही गाड्या नेल्या. दोन पावसाळे ती ठाण्याच्या आवारात उभी होती. सीटमधून गवत उगवलं. दर वेळी "कोर्टाचा आदेश आणा." कुठला आदेश, कुणाकडे अर्ज करायचा, हे कुणी सांगितलं नाही. मी रोज दोन बस बदलून कामावर गेले. शेवटी एका वकील बाईंनी एका पानाचा अर्ज केला आणि पंधरवड्यात गाडी मिळाली. राग याचाच येतो, एक पान होतं हो ते!

काळा_कोट

ताई, त्याला सुपुर्दनाम्यावर सोडणं म्हणतात. जुनं कलम ४५१ आणि ४५७, नवीन ४९७ आणि ५०३. २००२ मध्ये सुंदरभाई देसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की जप्त वाहनं ठाण्यात कुजत ठेवू नका. फोटो काढा, पंचनामा करा, मालकाकडून बंधपत्र घ्या आणि सोडा. पंधरा दिवस ते एक महिना, यापुढे माल ठाण्यात ठेवायचं कारण नाही. नव्या संहितेनं न्यायालयालाही मुदत घातलीय: माल हजर केल्यापासून १४ दिवसांत त्याचं वर्णन आणि छायाचित्रं, त्यानंतर ३० दिवसांत विल्हेवाटीचा आदेश. ज्यांची गाडी, दागिना, फोन अडकलाय त्यांनी वाट बघू नये, अर्ज करावा.

धागाकर्त्याच्या खटल्यातले नऊ फोनही मूळ मालकांना असेच आधी परत मिळू शकतात. त्यासाठी निकालाची वाट बघायला लागत नाही.

हिशेबनीस

आणि बँक खातं? माझ्या खात्यात एका अनोळखी माणसानं माल घेऊन पैसे टाकले, ते म्हणे सायबर फसवणुकीतले. खातं गोठवलं. कर्मचाऱ्यांचे पगार अडकले.

काळा_कोट

बँक खातं ही जुन्या कलम १०२ खाली 'मालमत्ता' आहे हे १९९९ मध्ये तापस नियोगी खटल्यात ठरलं. तो महाराष्ट्राचाच खटला. नवीन कलम १०६. पण जप्ती दंडाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. तुमचा अर्ज तिथेच. बिल, चलन, व्यवहाराचे संदेश जोडा आणि संशयित रकमेपुरतीच अडवणूक ठेवून बाकी खातं मोकळं करा अशी मागणी करा. स्थावर मालमत्ता मात्र पोलीस या कलमाखाली जप्त करू शकत नाहीत, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते स्पष्ट केलंय.

तिसरी_खुर्ची

नाकाबंदीत पोलीस मोबाइल मागतात, व्हॉट्सॲप उघडायला लावतात. हे चालतं का?

काळा_कोट

सहज म्हणून, कुठलाही गुन्हा नसताना, नाही. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. १९५४ च्या एम. पी. शर्मा खटल्यात जे उलट म्हटलं होतं ते त्या दिवशी बाजूला पडलं. तपासात फोन हवा असेल तर नव्या संहितेच्या कलम ९४ खाली लेखी मागणी करता येते किंवा झडती, जप्तीची रीतसर वाट आहे. पासवर्डबद्दल मात्र न्यायालयांत एकमत नाही. बोटाचे ठसे देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष नव्हे हे १९६१ मध्येच ठरलंय, पण डोक्यातला पासवर्ड ठशासारखा की साक्षीसारखा? कर्नाटक उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये एक उत्तर दिलं, दिल्लीच्या एका विशेष न्यायालयानं पुढच्या वर्षी वेगळं.

नवी_फौजदार

फोन जप्त करणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांसाठी एक ओळ. जप्तीनंतर फोन 'जरा बघूया' म्हणून चाळू नका. तुम्ही उघडलात की आतल्या नोंदी बदलतात. नव्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात हॅश व्हॅल्यू, म्हणजे आतल्या माहितीचा डिजिटल ठसा, लागते. ती नंतर जुळली नाही तर बचाव पक्ष विचारणारच की मध्ये कोणी हात लावला.

गिरणगाव_ते_गाव

रात्री झडती घेता येत नाही असं ऐकलं होतं. घरात फक्त बायका असतील तर?

नवी_फौजदार

दोन गोष्टींची सरमिसळ होतेय. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी स्त्रीला *अटक* करता येत नाही, अपवादात्मक परिस्थितीत महिला अधिकाऱ्यानं दंडाधिकाऱ्यांची परवानगी घेऊनच. *झडतीला* सर्वसाधारण कायद्यात तशी वेळेची बंदी नाही. अमली पदार्थांच्या कायद्यात रात्री वॉरंटशिवाय जायचं तर कारणं लिहावी लागतात. स्त्रीची अंगझडती मात्र कधीही, कुठेही, स्त्रीनंच आणि पूर्ण शालीनता राखून. यात तडजोड नाही.

तिसरी_खुर्ची

मग पंच व्हायला नाही म्हणता येतं का? हे सगळं वाचून कुणी जाणार नाही.

काळा_कोट

लेखी आदेश दिला आणि रास्त कारण नसताना नकार दिला तर तो गुन्हा आहे. आजारपण, घरात लहान मूल एकटं, ही रास्त कारणं. पण कृपा करून टाळू नका. तुम्ही टाळलं की 'नेहमीचा पंच' येतो.

निवृत्त_अंमलदार

खरंय. आमच्या ठाण्याबाहेरचा चहावाला चौदा गुन्ह्यांत पंच होता. बचावाच्या वकिलानं चौदाही नंबर वाचून दाखवले आणि विचारलं, "ठाण्यात रोज किती चहा जातो?" तिथेच संपलं सगळं. हल्ली गंभीर गुन्ह्यात सरकारी कर्मचारी पंच घेतात ते यासाठीच.

आणि आणखी एक लिहितो, गुरुजींच्या प्रतिसादानंतर वाटलं म्हणून. आमच्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमात कलम १४७ आहे. अधिकार किंवा रास्त कारण नसताना घरात शिरणं, झडती घेणं, त्रास द्यायला म्हणून वस्तू जप्त करणं, हा पोलिसाचाच गुन्हा. १९५१ पासून आहे. माझ्या नोकरीत ते कुणाला शिकवलेलं पाहिलं नाही. शिकवायला हवं.

शाईचा_डाग

मंडळी, काल साक्ष झाली. सगळ्यांना कळवायचंच होतं.

तासभर लवकर गेलो. सरकारी वकील बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला, मग पंचनामा माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "शांतपणे वाचा. जे पाहिलं तेवढंच बोला." सरतपासात, म्हणजे सरकारी वकिलांच्या प्रश्नांना उत्तर देताना, मी बॅग, खाट, नऊ मोबाइल सांगितले. मग म्हणालो, "पंचनामा ठाण्यात लिहिला, पाकिटं आमच्यासमोर सील केली नाहीत." टंकलेखक बाई क्षणभर थांबल्या, न्यायाधीशांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं.

उलटतपासाला मला वाटलं होतं त्याहून कमी वेळ लागला. वकील म्हणाले, "म्हणजे तुम्ही वाचल्याशिवाय सही केली?" मी म्हणालो, हो. "मग मोबाइल नऊ होते हे कशावरून?" म्हटलं, "मी बोट लावून मोजले होते. एकाची काच फुटलेली होती, त्याच्या मागे गणपतीचं स्टिकर होतं." कोर्टात पाकीट उघडलं तेव्हा तो फोन निघाला. स्टिकर होतं.

एक गोष्ट मात्र राहिली. तीन पाकिटांवरची माझी सही ओळखायला सांगितली. दोन ओळखली. तिसऱ्या लेबलवर नुसता निळा ओघळ, अक्षर एकही नाही. मालखान्यात ओल लागली असावी. "सही माझी आहे असं सांगता येत नाही," एवढंच म्हणालो.

उंबरठा सर, उभं राहिल्यावर तुमचे वाळे आठवत होते.

उंबरठा

वाचलं. पोचलं.

निवृत्त_अंमलदार

शाबास. त्या तिसऱ्या पाकिटातल्या फोनचे आयएमईआय पंचनाम्यात असतील तर त्याचीही काळजी करू नका.

नवी_फौजदार

सही कशानं केली होती आठवतंय का?

शाईचा_डाग

माझ्याच दुकानातलं जेल पेन. खिशाला लावलेलं होतं.

नवी_फौजदार

उद्यापासून माझ्या झडतीच्या पेटीत चार बॉलपेन आणि चिकटपट्टी. लेबलवर सही झाली की वरून पट्टी. आणि पंचांच्या खिशातलं पेन वापरायचं नाही.

निवृत्त_अंमलदार

पट्टी लावताना सहीचं टोक सुटू देऊ नका. ओल तिथूनच शिरते.